धुतलेला पंप

मुकुंदवाडीत कडुबा वाहूळ कोण असं विचारलं, तर लोक त्याच्या गाडीबद्दल आधी सांगायचे नाहीत, त्याच्या बोलण्याबद्दल सांगायचे. कडुबा म्हणाला ना, मग झालं. एवढंच. तसं त्या गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. पांढरी पिकअप, पण पांढरी हे आता कागदपत्रं वाचूनच कळायचं. डिझेलचा काटा कधीचा मेलेला, डाव्या दाराला आतून घरासारखी कडी, हॉर्न त्याच्या लहरीवर. पण कोंबडं आरवायच्या आत गाडी दारात लावतो असं कडुबा म्हणाला, की ती लागलेली असायची. मग पाऊस असो, थंडी असो, नाहीतर घरात कुणाला ताप असो.

ह्या शब्दावर पाच-सहा बायांचं पोट होतं. बाजारकरी बाया त्या. आज पाचोडचा बाजार, मग आडूळचा, मग लासूर स्टेशनचा, असा आठवडाभर गावोगाव माल घेऊन फिरणाऱ्या. द्वारकाबाई स्टीलची भांडी विकायची, दीपमाला लेकरांचे फ्रॉक आणि बायकांचे गाऊन, कुणी मिरची, कुणी सुकट-बोंबील. बोचकी मागं, बाया बोचक्यांवर. द्वारकाबाई तेवढी पुढं केबिनीत, कारण वय आणि तोंड दोन्ही तिचंच मोठं. आता आठवडी बाजाराचा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. जो आधी पोतं अंथरील त्याची जागा. पाचोडला द्वारकाबाईची जागा कैक वर्षं एकच होती, लिंबाच्या सावलीतली, पण ती काही सातबाऱ्यावर लागलेली नव्हती. एक बाजार उशीर झाला की तिथं दुसरा कुणी बसणार, आणि एकदा बसलेला माणूस उठवायचा म्हणजे भांडण आलंच. म्हणून बायांना गाडी भारी नको होती, वेळेवर हवी होती. कडुबाची कमाई म्हणा, इज्जत म्हणा, सगळी ह्या फेरीत होती, आणि फेरी त्याच्या शब्दावर उभी होती. शब्द गेला तर आपल्याजवळ भंगार तेवढं उरेल, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गाडीचं दुखणंखुपणं बघायचा रामकिसन मिस्त्री. मुकुंदवाडी स्टेशनाच्या अंगाला त्याचं पत्र्याचं दुकान. मूळचा पाचोडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. भावाभावांत वाटण्या होऊन हातात चिंधीएवढं रान आलं तेव्हा पाना घेऊन शहरात आला. कडुबाची गाडी दुकानासमोर थांबली की तो आतूनच म्हणायचा, "जयभीम, ड्रायव्हर." आणि कडुबा म्हणायचा, "रामराम, मिस्त्री." ह्यानं त्याचा नमस्कार करायचा, त्यानं ह्याचा, असा त्यांचा जुना खेळ होता. रामकिसनच्या पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड कडुबाच्या गाडीतून गेलं. कडुबाची बायको पारूबाई दवाखान्यात होती तेव्हा डबा रामकिसनच्या घरून आला. असली दोस्ती आता औषधालाही मिळत नाही.

रामकिसनला एक खोड होती. गाडीतून काढलेला मोडका पार्ट तो फेकायचा नाही. रॉकेलमध्ये घासून धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि दुकानातल्या फळीवर मांडून ठेवायचा. गाडीचा मालक आला की उतरवून दाखवायचा, हे बघा, इथं झिजलं, इथं फाटलं, म्हणून बदललं. लोक हसायचे. मिस्त्री मढ्याला आंघोळ घालतो म्हणायचे. तो म्हणायचा, आपण काय काढलं ते मालकाच्या डोळ्याला दिसलं पाहिजे, नाहीतर माणसाच्या मनात पाल चुकचुकते. बिचाऱ्याचा हेतू चांगला, पण पाल शेवटी तिथंच चुकचुकली.

ह्या सगळ्याला नाट लागला लासूरच्या बाजारात. बाया विकायला बसल्या की गाडी दिवसभर बाजाराबाहेर उभी असते आणि ड्रायव्हर कुठंतरी सावलीला आडवा होतो. त्या दिवशी कडुबाचा डोळा लागला आणि कुणीतरी टाकीत नळी घालून डिझेल ओढून नेलं. परतताना गाडी मधेच बंद. बाया बोचकी सांभाळत रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि कडुबा कॅन घेऊन डिझेल शोधत फिरतोय. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. त्याला मात्र ते असं झोंबलं, की चोरापेक्षा त्याला स्वतःच्या झोपेचाच राग आला.

मग त्यानं बंदोबस्त केला. जुन्या सामानाच्या बाजारातून टाकीला किल्लीचं झाकण आणलं. ते कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं, जरा सैल बसायचं. म्हणून ट्यूबचं रबर गोल कापून त्याचे दोन पदर आत चिकटवले. झाकणाच्या मधोमध टाचणी जाईल एवढं भोक होतं. त्यातून पावसाचं पाणी जाईल, फुफाटा जाईल, म्हणून त्यात एमसील भरलं आणि ओल्या बोटानं गुळगुळीत केलं. सोनारानं दागिना दाखवावा तसं ते पारूबाईला दाखवून म्हणाला, "आता चोराचं सोड, हवा बी आत जायची नाय." किल्ली बनियनच्या खिशात गेली. ती कुणाच्या हातात द्यायची नाही, रामकिसनच्याही नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

थोड्याच दिवसांत गाडी वाटेत बंद पडायला लागली. आता गाडी बंद पडली की काट्याशिवायचा ड्रायव्हर पहिलं काय करतो? उतरतो, झाकण उघडतो, टाकीत काडी घालतो आणि डिझेल आहे का बघतो. आपल्याकडं जुन्या गाडीवाल्यांची ही रीतच आहे. कडुबाही तेच करायचा. झाकण उघडताना सुस्स असा आवाज यायचा. उन्हानं टाकी तापली असेल, असं तो म्हणायचा. काडी ओली निघायची. मग बोनेट उघडून पंपाला चार टिचक्या, पाइपात दोन फुंका, की गाडी सुरू. कडुबाला वाटायचं टिचक्यांनी काम झालं. बायांनाही तेच वाटायचं. द्वारकाबाई तर म्हणायची की कडुबाच्या हाताला गुण आहे.

मग एक दिवस टिचक्यांनी भागलं नाही. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला देणारा जो पंप असतो, त्याच्या आत रबराचा पडदा असतो. रामकिसननं पंप उघडला तर पडदा टरकन फाटलेला. त्यानं नवा पंप बसवला. टाकी उतरवून गाळ काढला, तेव्हा तिला एका बाजूनं आत पोचा पडलेला दिसला. कुठं दगड लागला का, असं त्यानं विचारलं. कडुबा म्हणाला, रस्ते असलेच, लागला असंल. गाडी चिकलठाण्यापर्यंत पळवून आणली, झकास चालली. तेव्हा टाकीच्या तोंडात नुसतं फडकं कोंबलेलं होतं. मग कडुबानं बनियनमधून किल्ली काढली, झाकण लावून कुलूप घातलं आणि गाडी घेऊन गेला.

तो पंप टिकला नाही. त्याच्यानंतरचाही नाही. रामकिसननं फिल्टर बदलला, पाइप बदलले, जोड तपासले, डिझेल दुसरीकडून भरायला सांगून पाहिलं. गाडी दुकानात असली की शहाण्यासारखी वागायची आणि बाया भरून पाचोडच्या रस्त्याला लागली की आचके द्यायची. शेवटी तो सरळ म्हणाला, ड्रायव्हर, मला गावत नाय. प्रामाणिक मिस्त्रीनंच असं म्हणावं, लबाड कशाला म्हणेल? पण ज्याचा बाजार बुडतो त्याच्या कानाला प्रामाणिकपणाही निराळाच ऐकू येतो.

कारण तिकडं बाजार खरंच बुडत होता. आडूळला दीपमालाची जागा गेली, ती मटणाच्या दुकानांकडं कोपऱ्यात बसली आणि दिवसभर तिच्या फ्रॉकांवर माश्या. पाचोडला द्वारकाबाईला तिच्याच लिंबाखाली एका चपलावाल्याशी भांडावं लागलं. कडुबा उद्या नक्की म्हणायचा आणि बाया एकमेकींकडं बघायच्या. ते बघणं त्याला सहन व्हायचं नाही. अशात एकदा रस्त्यात खोळंबलेली असताना दीपमाला सहज बोलून गेली, की दादा, नवा पंप दर बारी फाटतो कसा, तो नवा असतो तरी का? बाईच्या मनात काही नव्हतं. पण कडुबाच्या मनात ते जाऊन बसलं.

त्याच दिवशी एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढत रामकिसनच्या दुकानापर्यंत आणली, बाया आणि बोचक्यांसकट. समोर फळीवर कडुबाच्याच गाडीतून निघालेले पंप ओळीनं मांडलेले होते, धुतलेले, पुसलेले, नव्यासारखे चकचकीत. कडुबा बघतच राहिला, आणि सुतावरून स्वर्ग गाठायला त्याला तेवढा वेळ पुरला.

"हेच धुऊन पुसून मला नवे म्हणून बसवतोस का रे रामकिसन?"

रामकिसनला वाटलं गंमत आहे. तो हसला. त्या हसण्यानं कडुबाचं टाळकं फिरलं. दोस्ती इकून खाल्लीस, म्हणाला. बायांच्या पोटावर पाय दिलास, म्हणाला. धुतलेला पंप घातलास मला, असं तो बायांकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, म्हणजे उशीर कुणामुळं झाला ते त्यांना एकदाचं कळावं. रामकिसननं फळीवरचा एक पंप उतरवला आणि फाटलेला पडदा दाखवायला पुढं धरला. कडुबानं तिकडं पाहिलंच नाही.

रामकिसननं पंप जागेवर ठेवला. मग हळू आवाजात एवढंच म्हणाला, "तू बोललास म्हंजे लोक खरं धरतील. एवढं तरी बघायचं व्हतंस, ड्रायव्हर."

आणि तसंच झालं. बाजारकरी बाया म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. गोष्ट पाचोडला गेली, आडूळला गेली, लासूरला गेली. बायांनी वाढवूनसुद्धा सांगितली नाही, तशी गरजच नव्हती. कडुबा म्हणाला, एवढ्यावरच ती खरी ठरली. मुकुंदवाडीतले पिकअपवाले, छोटा हत्तीवाले, रिक्षावाले एकेक करून दुसरीकडं वळले. रामकिसनला कुणी विचारायला आलं नाही, भांडायलाही आलं नाही. भांडायला आले असते तरी बरं, निदान फाटलेले पडदे दाखवता आले असते. दिवाळीच्या आत त्यानं दुकान बंद केलं आणि चिकलठाण्याच्या एका गोदामाच्या फाटकावर राखणदाराची नोकरी धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. कडुबाच्या कानावर ते आलं तेव्हा तो म्हणाला, केलं तसं भरलं. म्हणाला खरा, पण त्या दिवशी तो अर्ध्या भाकरीवरून उठला, असं पारूबाई सांगते.

गाडी दुसऱ्या मोठ्या गॅरेजात गेली. तिथल्यांनीही पंपच बदलला. तोही गेला. आता मात्र कडुबाजवळ दोष द्यायला कुणी उरलं नाही. तो आधी डिझेलला बोल लावायचा, मग रस्त्याला, मग नशिबाला. एकेक बाई सुयश नावाच्या माणसाच्या नव्या गाडीत बसायला लागली. दीपमाला गेली, मिरचीवाली गेली. कुणी भांडून गेलं नाही, उद्यापासून नका थांबू दादा, असं म्हणून गेल्या. राहिली एकटी द्वारकाबाई. एवढी वर्षं ज्याच्या शेजारी बसले त्याला असं उठून सोडवत नाही, असं ती म्हणायची आणि पुढच्या सीटवर बसायची. मागची मोकळी गाडी खड्ड्यात आपटली की रिकाम्या पिंपासारखी वाजायची.

असंच दोघं पाचोडला निघालेले. चित्तेपिंपळगाव मागं पडलं आणि गाडीनं आचके दिले, थांबली. कडुबा उतरला, बनियनच्या खिशात हात घातला तर बोट आरपार बाहेर. खिसा उसवलेला आणि किल्ली कुठंतरी पडलेली. मग झाकण न उघडताच त्यानं बोनेट उघडलं. टिचक्या मारल्या, फुंका मारल्या, पाइप सोडून परत जोडले. गाडी हूं का चूं करेना. आजवर एवढ्यावर ती बहुतेक वेळा सुरू व्हायची आणि आज काही केल्या होत नव्हती. द्वारकाबाई खाली उतरून सूर्याकडं बघत उभी राहिली.

तेवढ्यात सुयशची गाडी मागून आली आणि हळू झाली. मागं सगळ्या बाया. कुणी हाक मारली नाही, पण बोचक्यांमध्ये एक जागा करून दिली. द्वारकाबाईनं भांड्यांचं बोचकं ओढलं.

"कडुबा, ह्या वयात मला जागेसाठी भांडायला लावू नको बाबा," ती म्हणाली.

त्यानंच बोचकं उचलून वर दिलं. गाडी गेली. रस्त्यावर तो आणि त्याची पिकअप. त्याला असा संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. किल्ली हरवलेली म्हणून झाकणावर काढला. टॉमीची लोखंडी दांडी घातली, हातोडा घातला. झाकण उडालं आणि टाकीनं मोठ्यानं श्वास घेतला. खरंच, माणसानं पाण्यातून डोकं वर काढावं तसा. आतल्या आत पत्रा धप्प वाजला. कडुबानं वाकून पाहिलं, तर पोचा बाहेर आलेला. त्यानं केबिनीत हात घालून गाडीची किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

टिचकी नाही, फुंक नाही.

तो टाकीच्या तोंडात फडकं कोंबून पाचोडपर्यंत गेला. गाडी एकदाही अडली नाही. बाजारात पाय ठेवायचं त्याला धाडस झालं नाही, वेशीवरूनच वळला. परतताना त्यानं मुद्दाम टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि सुतळीनं करकचून आवळली. आडूळ मागं पडलं आणि गाडी आचके द्यायला लागली. उतरून बघतो तर पिशवी टाकीच्या तोंडात आत ओढली गेलेली, तट्ट ताणून. सुतळी कापली. सुस्स. गाडी सुरू. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत आत यायला पाहिजे, आणि ती यायची वाट त्यानंच बोटानं गुळगुळीत करून बुजवली होती. हवा नाही म्हणून पंप जीव खाऊन ओढायचा, आणि ओढून ओढून त्याचा पडदा फाटायचा. दर वेळी काडी घालायला झाकण उघडलं की हवा आत जायची आणि श्रेय टिचक्यांना मिळायचं. कडुबा रस्त्याच्या कडेला मातीत बसला. रामकिसननं पुढं धरलेला फाटका पडदा त्याला दिसायला लागला आणि तो लहान लेकरासारखा रडला.

घरी न जाता तो तसाच चिकलठाण्याला गोदामाच्या फाटकावर गेला. रामकिसन अंगाला दोन मापं मोठ्या निळ्या गणवेशात खुर्चीवर बसला होता. कडुबाला बघून उठला.

"या. बसा," तो म्हणाला.

जन्मात त्यानं कडुबाला अहोजाहो केलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर कडुबानं त्या पोटभर खाल्ल्या असत्या. त्यानं मोडकं झाकण पुढं केलं आणि सगळं सांगितलं. रामकिसननं झाकण हातात फिरवलं, नखानं एमसील खरवडलं. मिस्त्री तो मिस्त्री, क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर दुखणं सापडल्याचं समाधानसुद्धा दिसलं.

"माझ्याकडं आणायच्या आधी तुम्ही दर बारी झाकण उघडून काडी घालायचा. मग मला कसं गावणार?" मग थांबून म्हणाला, "मी बी किल्ली मागायला पायजे होती. तुम्ही देणार नाय असं वाटलं, म्हणून नाय मागितली."

कडुबा म्हणाला की चूक माझी, मी सगळ्यांना सांगतो, तू दुकान उघड. रामकिसननं झाकण परत दिलं.

"तुमच्या शब्दानं गेलंय. तुमच्या शब्दानं आलं तर येऊ द्या," तो म्हणाला आणि एका ट्रकसाठी फाटक उघडायला गेला.

कडुबा आशेवर घरी आला. पारूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, "बुजवायचं व्हतं ते तोंड. टाकीचं भोक कशाला बुजवलं?"

पुढच्या बाजाराला तो लासूरला गेला, रिकामी गाडी घेऊन, नुसता सांगायला. आधी द्वारकाबाईच्या पोत्यासमोर उकिडवा बसला आणि झाकण दाखवून सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मधे एक पातेलंही विकलं. मग म्हणाली, असंल बाबा. दीपमालाला सांगितलं तर ती हळहळली, पण भलत्याच गोष्टीसाठी. मिस्त्रीचं दुकान बसलं म्हणून तुमचं मन खातंय दादा, म्हणाली, तुमचा जीवच तसला. मिरचीवाली तोंडावरच बोलली, की आधी मिस्त्री म्हणलास, मग डिझेल म्हणलास, मग नशीब म्हणलास, आता झाकण म्हणतोस, आमच्या फेरीसाठी अजून काय काय म्हणशील? कडुबा प्रत्येकीपुढं बसला, प्रत्येकीपुढं हात जोडले. खोटं बोलला तेव्हा त्याला एकदाच बोलावं लागलं होतं. आता खरं बोलायला बसला तर जीभ झिजायची पाळी आली आणि एकीनंही मान डोलावली नाही.

बाजाराबाहेर एक पिकअप बोनेट उघडून उभी होती. त्याच्याच वयाचा ड्रायव्हर, वैजापूरकडचा, कपाळाला हात लावून बसलेला. कडुबानं विचारलं तर म्हणाला, पंप गेलाय, दुसऱ्यांदा. कडुबाला वाटलं देव पावला. टाकीचं झाकण त्यानं आधी पाहिलं; ते ठीक होतं, म्हणजे दुखणं दुसरंच होतं आणि त्याला मिस्त्रीच पाहिजे होता. एक गाडी दुरुस्त झाली, एका माणसानं चांगलं सांगितलं, तरी सुरुवात होईल. तो म्हणाला, मुकुंदवाडीला रामकिसन म्हणून मिस्त्री आहे, दुकान बंद आहे, पण मी सांगितलं तर तो येईल, माझ्याबरोबर चला.

त्या माणसानं मान हलवली. "मुकुंदवाडीचा? नको. धुतलेले पंप बसवतो तो."

"ते खोटं हाय," कडुबा म्हणाला. "ते म्याच बोललो व्हतो. माह्या तोंडानं. म्या कडुबा वाहूळ."

माणूस उठून उभा राहिला. त्यानं कडुबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हीच व्हय ते? मग तर इचारायलाच नको. जुनी दोस्ती म्हणून झाकून घ्यायला बघताय, मला कळतंय की. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

कडुबा नाय म्हणाला, परत नाय म्हणाला. त्यानं झाकण काढून दाखवायला खिशात हात घातला. तो माणूस तोवर बोनेट आपटून बंद करून, दुसरा मिस्त्री कुठं मिळेल ते विचारत बाजाराकडं निघून गेला होता.